बुद्धरूप, बोधिसत्त्वरूप आणि करुणा

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत पसरलेल्या औद्योगिक पट्ट्यातील अनेक कामगार वस्त्यांत आज बुद्धविहारे उभी आहेत. विहारात भगवान बुद्धांची मूर्ती व तिच्या शेजारी पूज्य बाबासाहेबांची प्रतिमा, ही आपली परिचित मांडणी होय. अलीकडे मात्र या मांडणीत आणखी काही मूर्तींची भर पडताना दिसते. कोणी नेपाळच्या प्रवासातून पितळेची तारा आणतो. कोणी हातात कमळ धरलेला अवलोकितेश्वर विहाराला दान देतो. घरभरणीला भेट म्हणून ढेरपोट्या 'लाफिंग बुद्ध' येतो. मग उपासक-उपासिकांच्या मनात साहजिकच प्रश्न उभा राहतो. या देवता आहेत काय? त्यांना वंदन केल्याने बावीस प्रतिज्ञांचा भंग होतो काय? आणि त्या देवता नसतील, तर त्या कोण आहेत?

हा प्रश्न आम्ही क्षुल्लक मानीत नाही. देवदेवतांच्या ओझ्याखालून जो समाज मोठ्या कष्टाने बाहेर पडला, त्याने नव्या मूर्तीकडे सावधपणे पाहावे हे योग्यच आहे. परंतु सावधपणाला अभ्यासाची जोड नसेल तर दोन प्रकारची हानी संभवते. एक, प्रत्येक मूर्तीला देव समजून तिच्यापुढे नवस बोलले जातील. दुसरी, आपल्याच पूर्वजांनी सह्याद्रीच्या कातळात कोरलेला वारसा परका म्हणून आपण टाकून देऊ. या दोन्ही गोष्टी टाळण्यासाठी बुद्धरूप व बोधिसत्त्वरूप यांचा अर्थ पालि साहित्याच्या आधारे समजून घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

देहूरोडची मूर्ती

या विवेचनाचा आरंभ आपल्याच परिसरातून करता येतो. दिनांक २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी देहूरोड येथील विहारात बुद्धमूर्तीची स्थापना केली. ही मूर्ती रंगूनहून आणलेली होती. त्याच महिन्यात बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी ब्रह्मदेशात गेले होते. धम्मदीक्षेच्या जवळजवळ दोन वर्षे आधीची ही घटना आहे. त्याच १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. पुढे १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि या माळरानाचे रूप पालटत गेले. म्हणजे या भागातील आधुनिक उद्योग आणि आधुनिक बुद्धविहार यांचा आरंभ जवळजवळ एकाच वेळी झाला, असे म्हणता येते.

देहूरोडच्या त्या दिवशीच्या भाषणातील काही गोष्टी येथे महत्त्वाच्या आहेत. सुमारे बाराशे वर्षांच्या खंडानंतर हे कार्य घडत आहे, याची जाणीव बाबासाहेबांनी श्रोत्यांना करून दिली. बौद्ध धम्म सामान्य माणसाला समजेल अशा सोप्या भाषेत सांगणारा ग्रंथ आपण लिहीत आहोत, असेही त्यांनी सांगितले. पंढरपूरची मूर्ती मुळात बुद्धाची असल्याचे आपले मतही त्यांनी त्याच भाषणात मांडले. मूर्तीची स्थापना, ग्रंथाची घोषणा आणि मूर्तीच्या ओळखीचा प्रश्न या तीन गोष्टी एकाच व्यासपीठावर आल्या, हा आम्हांस केवळ योगायोग वाटत नाही. ज्याच्या हाती मूर्ती द्यावयाची, त्याच्या हाती ग्रंथही दिला पाहिजे, ही दृष्टी त्यामागे दिसते. तो ग्रंथ, 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म', मूळ इंग्रजीत बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला.

ज्या समाजाने १९२९ मध्ये पुण्याच्या पर्वतीवर आणि १९३० पासून नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे सत्याग्रह केले, त्याला मूर्तीचे दर्शनसुद्धा नाकारले गेले होते. देहूरोडला त्याच समाजाने उभारलेल्या विहारात एक मूर्ती आली. तिच्यासमोर बसण्यासाठी कोणाची परवानगी लागत नव्हती. एवढ्यावरून त्या मूर्तीचे ऐतिहासिक मोल ध्यानात येईल. परंतु मूर्ती म्हणजे धम्मदृष्ट्या काय, हा प्रश्न यापुढे जाऊन विचारावा लागतो.

मूर्तीपूर्वीची लेणी आणि घडविणारे हात

देहूरोडहून जुन्या मुंबई मार्गाने पुढे निघाले की थोड्याच अंतरावर शेलारवाडीचा डोंगर लागतो. आज तो घोरावडेश्वर या नावाने ओळखला जातो. त्यापुढे मावळात बेडसे, कार्ले आणि भाजे ही लेणी आहेत. दुसरीकडे चाकणवरून नाशिककडे जाणारा मार्ग नारायणगावाकडे जातो व तेथून जुन्नर गाठता येते. तेथील डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी कोरलेली आहेत. आपला औद्योगिक पट्टा असा प्राचीन बौद्ध लेण्यांच्या दोन समूहांच्या मधोमध वसला आहे.

या लेण्यांच्या आरंभीच्या काळात बुद्धाची मूर्ती कोठेही नाही. भाज्याच्या चैत्यगृहात, इ.स.पूर्व दुसऱ्या शतकात, उपासकासमोर केवळ स्तूप होता. सांची व भारहूत येथेही बुद्धाचे अस्तित्व बोधिवृक्ष, धम्मचक्र, पदचिन्हे अथवा रिकामे आसन यांनी सुचविलेले आहे. बुद्धाला मानवरूपात घडविण्याची प्रथा इसवी सनाच्या पहिल्या शतकांत मथुरा व गांधार येथे रूढ झाली. कार्ल्याच्या दर्शनी भिंतीवरील बुद्धाचे शिल्पपट मूळ चैत्यगृहानंतर काही शतकांनी, म्हणजे पाचव्या-सहाव्या शतकाच्या सुमारास, कोरले गेले. सारांश, मूर्तीशिवाय धम्म होता व तो जोमात होता, ही गोष्ट प्रथम ध्यानात ठेवली पाहिजे.

दुसरी गोष्ट घडविणाऱ्यांची. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या प्रवेशद्वारापाशी असलेल्या एका लेखात धेनुकाकट येथील सामी नावाच्या वड्ढकीने, म्हणजे सुताराने, हे द्वार घडविल्याची नोंद आहे. वेणुवासाचा पुत्र अशी त्याची ओळखही दिली आहे. शेलारवाडीच्या लेण्यातील लेख धेनुकाकटात राहणाऱ्या एका शेतकरी कुटुंबातील स्त्रीच्या दानाचा आहे. जुन्नरच्या लेखांत धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने दिलेल्या लेण्याचा व पाण्याच्या टाक्याचा उल्लेख येतो. वेळूकाम करणारे आणि काशाची भांडी घडविणारे कारागीर यांच्या श्रेणीही तेथे आढळतात. राजे व श्रेष्ठी यांच्या बरोबरीने हाताने काम करणाऱ्या माणसाचे नाव दगडावर लिहावेसे वाटणे, ही त्या काळच्या संघाची मोठी खूण आहे. लेथवर, प्रेसवर आणि ओतशाळेत राबणाऱ्या आपल्या वाचकांना सामी वड्ढकी परका वाटू नये.

उद्देसिक चेतिय म्हणजे काय

मूर्तीविषयी पालि परंपरेचे मत जाणून घेण्यासाठी जातकट्ठकथेतील कालिंगबोधी जातक (क्रमांक ४७९) पाहावे. प्रसंग असा की, तथागत चारिकेला गेले असता लोक फुले घेऊन जेतवनात येत आणि ते भेटत नसल्याने दारातच फुले ठेवून परत जात. तेव्हा आनंदाने विचारले की, चेतिय किती प्रकारची असतात? तथागतांनी तीन प्रकार सांगितले. शरीरधातूंवरील ते सारीरिक. वापरलेल्या वस्तूंशी संबंधित ते पारिभोगिक. आणि त्यांना उद्देशून केलेले ते उद्देसिक. पहिले महापरिनिर्वाणानंतरच शक्य असते. तिसऱ्याविषयी तथागतांनी म्हटले की, त्याला वस्तुरूप आधार नाही, ते केवळ मनावर अवलंबून असते. म्हणून त्यांनी बोधिवृक्षाला पसंती दिली आणि आनंदाने जेतवनाच्या द्वारी बोधिवृक्षाचे बीज लावविले.

मूर्ती ही उद्देसिक चेतियाच्या वर्गात येते. तिचा आधार मन आहे, या विधानाचा अर्थ नीट लावला पाहिजे. मूर्तीत बुद्ध वास करीत नाहीत. तिच्यात प्राण भरता येत नाही. ती कोणाचे काही देणे लागत नाही. पाहणाऱ्याच्या मनात बुद्धगुणांचे स्मरण असेल तर ती बुद्धमूर्ती आहे, नसेल तर तो धातूचा किंवा दगडाचा तुकडा आहे.

हे केवळ शास्त्रचर्चेपुरते नाही. इतिहासात त्याचा पडताळा मिळतो. वेरूळच्या दहाव्या लेण्यातील चैत्यगृहात बुद्धाची भव्य मूर्ती आहे. ज्ञान लोपल्यानंतर लोक त्या लेण्याला 'विश्वकर्मा' व 'सुताराची झोपडी' म्हणू लागले आणि सुतार मंडळी त्या बुद्धमूर्तीलाच विश्वकर्मा समजून पूजू लागली. शेलारवाडीच्या बौद्ध लेण्यात आज शिवलिंग आहे. दगड तोच राहिला, पण स्मरण गेले आणि त्याबरोबर नावही गेले. मूर्तीचे रक्षण चौथऱ्याने अथवा कुलपाने होत नाही, तिचा अर्थ जाणणाऱ्या माणसांनी होते, हा धडा आपण यातून घेतला पाहिजे.

संयुत्त निकायातील वक्कलीची कथाही येथे आठवते. आजारी वक्कलीला तथागतांच्या दर्शनाची ओढ लागली होती. तथागत त्याला भेटावयास गेले, परंतु या नाशवंत देहाच्या दर्शनात काय आहे, जो धम्म पाहतो तोच मला पाहतो, असे त्यांनी त्याला समजाविले. जिवंत बुद्धाच्या देहाविषयी जर हे सांगितले गेले, तर त्याच्या मूर्तीविषयी ते किती अधिक लागू पडते!

लक्षणे : आचरणाची अक्षरे

असे असेल तर शिल्पी मूर्तीत नेमके काय घडवितो? दीघ निकायातील लक्खण सुत्तात (क्रमांक ३०) महापुरुषाच्या बत्तीस लक्षणांचे वर्णन आहे. आधुनिक वाचकाला ही यादी प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. पण या सुत्ताचे वैशिष्ट्य असे की, प्रत्येक लक्षण कोणत्या ना कोणत्या आचरणाचे फळ म्हणून सांगितले आहे. लक्षण म्हणजे शरीरावर उमटलेले आचरण होय.

तळपायावरील चक्र हे बहुजनांना सुख देण्याचे, त्यांचे भय दूर करण्याचे व त्यांच्या रक्षणाची न्याय्य व्यवस्था लावण्याचे फळ आहे. मृदू हात-पाय हे चार संगहवत्थूंचे, म्हणजे दान, प्रिय वचन, हिताचरण आणि समानत्तता यांचे फळ आहे. समानत्तता म्हणजे दुसऱ्याशी समान भावाने वागणे. आपल्या दृष्टीने सर्वांत अर्थपूर्ण लक्षण नेत्रांचे आहे. नेत्र गडद निळे आणि पापण्या कोवळ्या वासराच्या पापण्यांसारख्या असतात. कारण पूर्वजन्मांत बोधिसत्त्वाने कोणाकडे तिरक्या नजरेने, डोळे वटारून अथवा चोरून पाहिले नाही. तो सर्वांकडे सरळ, मोकळ्या आणि स्नेहपूर्ण दृष्टीने पाहत असे.

ज्यांच्याकडे शतकानुशतके तिरक्या नजरेने पाहिले गेले, ज्यांची सावलीसुद्धा विटाळ मानली गेली, त्यांनी बुद्धमूर्तीच्या नेत्रांचा हा अर्थ विसरता कामा नये. मूर्तीचे अर्धोन्मीलित नेत्र पाहून काही जण म्हणतात की, हा जगापासून डोळे मिटून घेतलेला पुरुष आहे. लक्खण सुत्त याच्या उलट सांगते.

श्रीलंकेत मूर्तीचे नेत्र सर्वांत शेवटी रेखाटण्याची प्रथा आहे. शिल्पी मूर्तीकडे पाठ करून, आरशात पाहून ते रेखाटतो. महावंसातही सम्राट अशोकाच्या संदर्भात 'अक्खिपूजा' असा शब्द येतो. या विधींतील गूढ कल्पना आपण स्वीकारण्याचे कारण नाही. तथापि नेत्रांशिवाय बुद्धरूप पूर्ण होत नाही, ही त्यामागील जाण मोलाची आहे.

अवलोकितेश्वर आणि तारा

आता मूळ प्रश्नाकडे वळू. पालि तिपिटकात देव आहेत, पण ते सृष्टीचे नियंते नाहीत. तेही अनित्यतेच्या नियमाखाली येतात, प्रश्न घेऊन तथागतांकडे येतात, आणि आपल्या नित्य वंदनेत बुद्धांना देव व मनुष्य यांचा शास्ता म्हटले आहे. बोधिसत्त्व हा या अर्थानेही देव नव्हे. बोधीसाठी झटणारा आणि पारमितांचा अभ्यास करणारा सत्त्व म्हणजे बोधिसत्त्व. भावी बुद्ध मेत्तेय्य याचा उल्लेख दीघ निकायातील चक्कवत्तिसीहनाद सुत्तात येतो. अवलोकितेश्वर व तारा मात्र पालि तिपिटकात आढळत नाहीत; ती महायान परंपरेची निर्मिती आहे. सद्धर्मपुंडरीक सूत्राच्या एका परिवर्तात अवलोकितेश्वराचे विस्तृत वर्णन आहे. 'अवलोकित' म्हणजे पाहिलेले, न्याहाळलेले. लोकांच्या दुःखाकडे पाहणारा, असा त्या नावाचा भाव परंपरेने घेतला आहे.

महाराष्ट्राच्या लेण्यांत तो सर्वत्र भेटतो. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील पद्मपाणीचे चित्र जगप्रसिद्ध आहे. कान्हेरीच्या एक्केचाळिसाव्या लेण्यात त्याची अकरा मुखांची मूर्ती आहे. छत्रपती संभाजीनगर येथील औरंगाबाद लेण्यांपैकी सातव्या लेण्यातील शिल्पपट तर प्रत्येकाने मुद्दाम पाहावा. मध्यभागी उभा अवलोकितेश्वर आणि दोन्ही बाजूंस आठ भये कोरली आहेत: आग, शस्त्रधारी शत्रू, बेड्या, बुडणारे जहाज, सिंह, सर्प, पिसाळलेला हत्ती आणि राक्षसीच्या रूपातील मृत्यू. प्रत्येक प्रसंगातील माणसे साहाय्यासाठी त्याच्याकडे वळलेली आहेत.

ही आठच भये का निवडली गेली? लेण्यांना दान देणाऱ्यांत व्यापारी व प्रवासी यांची संख्या मोठी होती. अरण्यातून जाणारे तांडे व समुद्रावरून जाणारी जहाजे यांच्या वाट्याला हीच संकटे येत. पाचव्या शतकाच्या आरंभी चिनी भिक्खू फा-हियान श्रीलंकेहून मायदेशी परतताना वादळात सापडला, तेव्हा त्याने अवलोकितेश्वराचेच स्मरण केले. म्हणजे हा शिल्पपट त्या काळातील कष्टकरी-प्रवाशांच्या भयांची प्रामाणिक नोंद आहे. माणसाला नेमके कशाचे भय वाटते हे आधी पाहिले गेले आणि मग ते कोरले गेले.

तारा या नावात तारून नेण्याचा अर्थ आहे. औरंगाबाद, कान्हेरी, वेरूळ येथे तिच्या मूर्ती आहेत. तिच्याविषयी तिबेटी परंपरेत एक कथा सांगतात. ज्ञानचंद्रा नावाच्या राजकन्येला भिक्खूंनी सल्ला दिला की, तुझे पुण्य मोठे आहे, पुढचा जन्म पुरुषाचा मिळावा अशी इच्छा कर. तिने उत्तर दिले की, स्त्री-पुरुष हा भेद पोकळ आहे. स्त्रीरूपाने लोककल्याण करणारे थोडे आहेत, म्हणून मी स्त्रीदेहानेच कार्य करीन. कथा म्हणूनच ती वाचावी, पण तिचा आशय आपल्या उपासिकांनी अवश्य ध्यानात घ्यावा.

मूर्तिकारांनी हा आशय रूपात कसा आणला तेही पाहण्यासारखे आहे. हरित तारेचा उजवा पाय आसनाखाली सोडलेला असतो. ती उठून धावण्याच्या तयारीत आहे. श्वेत तारेला सात नेत्र असतात: मुखावर तीन, तळहातांवर दोन आणि तळपायांवर दोन. सहस्रभुज अवलोकितेश्वराच्या प्रत्येक तळहातावर एक नेत्र असतो. ज्या हातात नेत्र आहे तो हात दुःख पाहतो आणि जे पाहतो ते दूर करण्यासाठी पुढे होतो. पाहणे आणि करणे यांत अंतर राहू नये, हे सांगण्याची ही शिल्पाची भाषा आहे.

राहता राहिला 'लाफिंग बुद्ध'. हा दहाव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेल्या बुदाई नावाच्या चिनी भिक्खूचे रूप आहे. चिनी परंपरा त्याला मैत्रेयाचे रूप मानते. गौतम बुद्धाशी त्याचा संबंध नाही, आणि त्याच्या पोटावर हात फिरविल्याने धन मिळते ही समजूत तर धम्माच्या सर्वथा विरुद्ध आहे.

पालि परंपरेतील करुणा

अवलोकितेश्वर पालि साहित्यात नसला तरी करुणा सर्वत्र आहे. मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा या चार ब्रह्मविहारांत तिचे स्थान दुसरे. आचार्य बुद्धघोषांनी विसुद्धिमग्गात तिचे दोन शत्रू सांगितले आहेत. दूरचा शत्रू क्रौर्य. तो सहज ओळखू येतो. जवळचा शत्रू शोक. तो करुणेसारखाच दिसतो म्हणून अधिक फसवा असतो. दुसऱ्याच्या दुःखाने हळहळून रडत बसणे म्हणजे करुणा नव्हे. करुणा दुःख दूर करण्याकडे वळते. बाबासाहेबांनीही आपल्या ग्रंथात प्रज्ञेच्या जोडीला करुणेला धम्माचा आधार मानले, आणि माणसांपुरत्या करुणेवर न थांबता सर्व प्राणिमात्रांविषयीच्या मैत्रीपर्यंत जाण्यास सांगितले.

विनयपिटकाच्या महावग्गातील एक प्रसंग या विषयावरील शेवटचा शब्द मानावा असा आहे. पोटाच्या विकाराने आजारी असलेला एक भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता. तथागतांनी आनंदाकडून पाणी आणविले. तथागतांनी पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले. एकाने डोक्याकडून व दुसऱ्याने पायांकडून धरून त्याला मंचकावर निजविले. त्याची शुश्रूषा कोणी का केली नाही, असे विचारता उत्तर मिळाले की, तो भिक्खू इतरांच्या काही कामी येत नव्हता. तेव्हा तथागतांनी संघाला सांगितले की, ज्याला माझी सेवा करावयाची असेल त्याने आजाऱ्याची सेवा करावी.

घडणीचे मोल

हाताने घडविलेली मूर्ती श्रेष्ठ की साच्यातून काढलेली, असाही प्रश्न विचारला जातो. नेपाळमधील ललितपूरचे शाक्य कारागीर आजही धातूच्या मूर्ती मेणाच्या तंत्राने करतात. आधी मेणाची मूर्ती घडवावयाची, तिच्यावर मातीचे थर द्यावयाचे, तापवून मेण वितळवून काढावयाचे, त्या पोकळीत धातूचा रस ओतावयाचा आणि शेवटी माती फोडावयाची. साचा फुटतो म्हणून तीच मूर्ती दुसऱ्यांदा निघत नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात रचविलेल्या 'मानसोल्लास' ग्रंथात या पद्धतीचे वर्णन आहे. यंत्रांचे सुटे भाग ओतण्यासाठी कारखान्यांत वापरले जाणारे 'इन्व्हेस्टमेंट कास्टिंग' हे याच तत्त्वावर चालते. ब्रह्मदेशात मंडालेच्या परिसरात संगमरवराच्या खाणींजवळील कारागीर पिढ्यान्‌पिढ्या बुद्धमूर्ती घडवीत आले आहेत.

अशा मूर्तीत कारागिराचे दिवस व त्याचे कौशल्य साठलेले असते. त्याचा आदर अवश्य करावा आणि त्याला योग्य मोल द्यावे. परंतु फायबरची किंवा प्लास्टरची मूर्ती ठेवणाऱ्या गरीब वस्तीच्या विहाराने स्वतःस कमी लेखण्याचे कारण नाही. उद्देसिक चेतियाचा आधार मन आहे हे एकदा मान्य केल्यावर धातूच्या किमतीला धम्मात स्थान उरत नाही.

विहारात काय करावे

या विवेचनावरून आमचे मत पुढीलप्रमाणे आहे. विहाराच्या मुख्य स्थानी बुद्धरूपच असावे. बोधिसत्त्वांच्या मूर्ती भेट आल्यास त्या विहाराच्या अभ्यासिकेत, त्यांचे नाव, परंपरा व अर्थ लिहिलेल्या फलकासह ठेवाव्यात. त्यांच्याकडे काही मागू नये, त्यांना नवस बोलू नये. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे दिलेल्या प्रतिज्ञांत देवदेवतांची उपासना नाकारली आहे, आणि त्याच प्रतिज्ञांत सर्व प्राणिमात्रांवर दया करण्याचे वचनही घेतले आहे. पहिल्या वचनासाठी आपण दक्ष असतो. दुसऱ्याची आठवण करून देणारी मूर्ती अभ्यासिकेत असण्याने प्रतिज्ञेचा भंग होत नाही. वर्षातून एकदा विहाराची सहल कार्ले, शेलारवाडी वा जुन्नर येथे न्यावी आणि मुलांना लेख व शिल्पे यांचा अर्थ सांगावा. ज्ञान लोपले की मूर्तीचे नाव बदलते, हे वेरूळने आपणांस शिकविले आहे.

महापरिनिब्बान सुत्तात तथागतांनी फुलांच्या पूजेपेक्षा धम्मानुसार आचरण हीच आपली श्रेष्ठ पूजा असल्याचे सांगितले. परंपरेने पहिलीला आमिसपूजा आणि दुसरीला पटिपत्तिपूजा म्हटले. औरंगाबादच्या शिल्पकाराने आपल्या काळातील आठ भये कोरली. आज आपल्या या पट्ट्यात कोणी तसा शिल्पपट कोरू लागला, तर त्यात सिंह आणि हत्ती नसतील. वाहनांचे सुटे भाग करणाऱ्या लहान कारखान्यात पॉवर प्रेसखाली बोटे गमावलेला कंत्राटी कामगार त्यात असेल. रात्रपाळीहून परतताना महामार्गावर झालेला अपघात असेल. अचानक गेलेली नोकरी, सावकाराचे कर्ज, दारू, गावाहून आलेल्या मुलाला आडनाव ऐकून नाकारलेली भाड्याची खोली असेल. बोटे गेलेला कामगार कारखान्याच्या काही कामी येत नाही म्हणून घरी पाठविला जातो, तेव्हा महावग्गातील तो आजारी भिक्खूच आपल्यासमोर उभा असतो.

अशा वेळी अवलोकितेश्वर येणार नाही, कारण तो कोठे बसलेला नाही. यायचे ते विहारातील माणसांनीच. राज्य विमा रुग्णालयाचे कागद भरून देणे, भरपाईच्या अर्जासाठी वकील गाठून देणे, यंत्राला संरक्षक कठडा बसविण्याची मागणी संघटनेमार्फत लावून धरणे, खोली नाकारलेल्या मुलाला वस्तीत जागा मिळवून देणे, ही पटिपत्तिपूजा होय. ज्या विहारात रविवारच्या वंदनेनंतर अशा प्रश्नांसाठी एक तास राखून ठेवला जातो, त्या विहारातील मूर्ती कोणत्याही धातूची असो, तिचे नेत्र उघडलेले आहेत असे आम्ही समजतो.